निगेटिव्ह बाईचा केसपेपर

प्रसूतिकक्षात नोकरी करताना काही आजार माझ्यादेखत हटले. सुरुवातीच्या वर्षांत धनुर्वात झालेली तान्ही बाळं वॉर्डात यायची. निवृत्त होता होता नव्या सिस्टरांना तो आजार पुस्तकात दाखवावा लागायचा. आरएच निगेटिव्ह आईच्या पोटातल्या बाळाला होणारा आजारही असाच संपायला हवा होता. त्याला अडवणारं अँटी-डी इंजेक्शन १९६८ पासून बाजारात आहे. आपल्याकडे शंभरात साधारण ५ जण निगेटिव्ह. युरोपात हेच प्रमाण १५ च्या आसपास आहे, म्हणजे आपला भार मुळात हलका. तरीही अंगभर पाणी भरलेलं, जन्मताच पांढरंफटक बाळ मी नोकरीच्या शेवटच्या वर्षांतही पाहिलं. सोलापूर-बीडच्या पट्ट्यात, ग्रामीण आणि उपजिल्हा रुग्णालयांत काम करून माझं एक मत पक्कं झालंय. औषध आहे, तपासण्या आहेत. अडतं ते निरोपापाशी. एका दवाखान्यात कळलेली गोष्ट दुसऱ्या दवाखान्याच्या केसपेपरवर पोचत नाही. खालचे अनुभव आठवतील तसे लिहिलेत.

१. रक्तगट पहिल्या तपासणीत, आणि दोघांचाही

बाईचा रक्तगट आता जवळपास सगळीकडे पहिल्या तपासणीला होतो. नवऱ्याचा राहून जातो. तो पुण्याला कंपनीत असतो, गाडीवर असतो, नाहीतर दारातच उभा असतो आणि सुई म्हटलं की चहाला जातो. "माझा बी पॉझिटिव्ह, लायसन्सवर आहे की," हे उत्तर ठरलेलं. लायसन्सवरचा गट पुष्कळांनी फॉर्म भरताना आठवणीनं लिहिलेला असतो आणि तपासल्यावर भलताच निघतो. प्रयोगशाळेच्या सहीचा कागदच धरायचा.

नवऱ्यामागे लागायचं ते एवढ्यासाठी, की तोही निगेटिव्ह निघाला तर इंजेक्शनाचा विषय तिथंच मिटतो. दोघं निगेटिव्ह असतील तर मूल निगेटिव्हच होतं. (मूल नवऱ्याचंच आहे हे यात गृहीत धरलंय. तसं नसेल तर ती गोष्ट डॉक्टरांनी बाईशी एकटीशी बोलून ठरवायची. आम्ही त्यात तोंड घालायचं नाही.) नवरा पॉझिटिव्ह असेल तर दोन शक्यता असतात. त्याच्याकडे रक्त पॉझिटिव्ह करणारी (डी) जनुकं दोन असली तर प्रत्येक मूल पॉझिटिव्ह होणार. एकच असलं तर निम्मी शक्यता निगेटिव्हची.

डेन्मार्क, नेदरलँड्ससारख्या देशांत आईच्या रक्तात फिरणाऱ्या बाळाच्या डीएनएवरून, बाळ पोटात असतानाच त्याचा गट कळतो. मग निगेटिव्ह बाळाच्या आईला इंजेक्शन टोचतच नाहीत. आपल्या सरकारी ओपीडीत ती सोय येईल तेव्हा येईल. तोवर नवऱ्याला हाताला धरून प्रयोगशाळेत नेणं हाच स्वस्त उपाय.

२. पहिलं बाळ सुखरूप होतं आणि घरचे निर्धास्त होतात

सासूबाईंना मी असं सांगायचे. रक्ताच्या लाल पेशीवर डी नावाचा एक घटक असतो. तो असला की पॉझिटिव्ह. तुमच्या सुनेच्या पेशीवर तो नाही, नातवाच्या पेशीवर बापाकडून आलाय. नऊ महिने दोघांचं रक्त वेगळं वाहतं, पण वार सुटताना बाळाचं थोडं रक्त आईच्या अंगात जातं. तिचं शरीर त्या पेशींना परकं ठरवतं आणि त्यांच्याविरुद्ध अँटिबॉडी बनवायला घेतं. याला काही आठवडे लागतात, शिवाय सुरुवातीच्या अँटिबॉडी आकारानं मोठ्या असल्यानं वारेतून पलीकडे जात नाहीत. तोवर पहिलं बाळ पाळण्यात असतं. पुढच्या खेपेला बाळ पुन्हा पॉझिटिव्ह असलं, की आईचं शरीर ओळख ठेवून असतं. लहान आकाराच्या, वार ओलांडणाऱ्या अँटिबॉडी भराभर तयार होतात आणि बाळाच्या लाल पेशी फोडत सुटतात. बाळाचं रक्त घटतं, यकृत आणि प्लीहा सुजतात, फार झालं की पोटात, छातीत, कातडीखाली पाणी साठतं.

म्हणून "पहिल्याला काही झालं नाही" या वाक्याला या आजारात किंमत नाही. तसंच दुसरं वाक्य आहे, तेही जुन्या बायका हमखास ऐकवतात: "आम्हाला कुठं इंजेक्शन दिलं होतं? चार झाली, चारी जगली." खरं आहे. इंजेक्शन न देताही सगळ्यांच्या अंगात अँटिबॉडी बनत नाहीत. पॉझिटिव्ह बाळ झालेल्या शंभर निगेटिव्ह आयांमध्ये, त्यातही ए-बी-ओ गट बाळाशी जुळणारा असेल तर, सोळा-सतरा जणींच्या अंगात बनतात. ए-बी-ओ जुळत नसेल तर आईचं रक्त बाळाच्या पेशी आधीच निकालात काढतं आणि धोका दोनेक टक्क्यांवर येतो. पण कोणती बाई त्या सोळांत आहे, हे आधी सांगता येत नाही. इंजेक्शन सगळ्यांना द्यायचं ते याच कारणानं.

कारण कळायच्या आधी काय होत होतं, ते आपल्या नावांत दिसतं. मुलं जगत नाहीत म्हणून पुढच्याचं नाव दगडू, धोंडू, केरू, भिकू ठेवायचं. नकोसं नाव असलं की मरण त्याच्याकडे बघणार नाही, असा समज. त्यातली किती घरं आरएचनं पोळलेली होती हे कुणीच सांगू शकणार नाही, मुलं मरायला तेव्हा इतर कारणं ढिगानं होती. पण एक सुखरूप आणि मग ओळीनं पोटात दगावलेली, अशी हकिगत एखाद्या आजीकडून ऐकली की माझ्या मनात शंका येते. बोल मात्र बाईला लागायचा. न्यूयॉर्कमध्ये फिलिप लेव्हिन आणि रूफस स्टेटसन यांनी १९३९ मध्ये एका बाईची हकिगत छापली. तिचं बाळ मेलेलं जन्मलं होतं आणि गट जुळत असूनही नवऱ्याचं रक्त चढवल्यावर तिला जोराची रिअ‍ॅक्शन आली होती. बाळामार्फत आलेल्या कुठल्यातरी घटकाविरुद्ध तिचं शरीर उठलंय, असं त्यांनी ताडलं. पुढच्याच वर्षी लँडस्टायनर आणि वीनर यांनी ऱ्हीसस माकडाच्या रक्तावरून आरएच घटक जगापुढे आणला. तेव्हा कुठं हा दैवाचा विषय रक्तपेढीत आला.

३. सासूला बाहेर बसवून विचारा

सगळ्यांत जास्त घात इथं होतो, म्हणून यावर सविस्तर लिहिते.

केसपेपरवर "पहिलटकरीण" लिहिलेलं असतं. रक्तगट निगेटिव्ह. अँटिबॉडी शोधणारी कूम्ब्ज टेस्ट पाठवली जाते आणि ती पॉझिटिव्ह येते, म्हणजे अँटिबॉडी आधीच तयार. पहिल्याच खेपेला हे सहसा होत नाही. मग एकतर तिला कधीतरी चुकीचं रक्त चढलेलं असतं, नाहीतर ही खेप पहिली नसते.

अशा एका मुलीच्या सासूला मी केसपेपरवर शिक्का मारून आणायला पाठवलं. खिडकीपुढे रांग असते, वेळ मिळतो. दार लोटून विचारलं. आधी मान हलली, मग रडू आलं. आदल्या वर्षी दिवस गेले होते, तीन महिने उलटल्यावर नवऱ्यानं मेडिकलमधून गोळ्या आणल्या, सगळं घरातच झालं. दवाखान्याचं तोंड पाहिलं नाही, रक्तगट कुणी विचारला नाही. सासूला आजही माहीत नाही आणि माझ्याकडून तिला कळायचंही कारण नव्हतं. गर्भपाताचा कायदा १९७१ चा. २०२१ च्या दुरुस्तीनं बाईचं नाव उघड करणाऱ्याला शिक्षेची तरतूद केली आहे. हे मी नव्या सिस्टरांना पाठ करायला लावायचे. बाईला भरवसा वाटला तरच ती खरं सांगते आणि तिनं खरं सांगितलं तरच बाळाचं काही करता येतं.

गर्भपाताशिवाय आणखीही पुष्कळ गोष्टींनी बाळाचं रक्त आईत मिसळू शकतं. गर्भ नळीत राहणं, द्राक्षगर्भ, गरोदरपणात अंगावरून जाणं, गर्भजलाची तपासणी, आडवं बाळ बाहेरून फिरवणं, पोटातच बाळ दगावणं आणि पोटावर मार. मोटारसायकलवरून पडलेली बाई स्वतःहून सांगते. घरात मार खाल्लेली सांगत नाही, "पडले" म्हणते. पोटावर लागलंय का, एवढंच विचारायचं आणि डॉक्टरांना कळवायचं. बाकीची चौकशी तिच्या कलानं. यातल्या प्रत्येक प्रसंगानंतर ७२ तासांच्या आत इंजेक्शनाचा विचार व्हायला हवा.

बारा आठवड्यांच्या आतल्या गर्भपाताबाबत मात्र हल्ली मतभेद आहेत. जागतिक आरोग्य संघटनेनं २०२२ मध्ये म्हटलं की इतक्या लवकरच्या गर्भपाताला अँटी-डीची गरज नाही. आपल्याकडचे पुष्कळ डॉक्टर अजूनही लहान डोस देतात. मी त्यांच्या बाजूची आहे. आमच्या भागात आठवडे मोजले जातात ते पाळीच्या आठवणीवर, आणि ती आठवण सणावाराला टेकलेली असते. "नागपंचमीच्या आसपास" यावरून बारा आठवडे काढणारी मी, आत की बाहेर यावर पैज लावणार नाही.

आणि एक गैरसमज. पहिल्या तीन महिन्यांत पुन्हा पुन्हा गर्भ पडत असेल तर त्याचं खापर निगेटिव्ह रक्तावर फोडू नका. आरएचचा आजार इतक्या लवकर बाळ घालवत नाही. कारण दुसरीकडे शोधायला हवं.

४. कूम्ब्ज आधी, इंजेक्शन नंतर

निगेटिव्ह बाईची इनडायरेक्ट कूम्ब्ज टेस्ट नोंदणीच्या वेळी आणि पुन्हा २८ व्या आठवड्यात. रॉबिन कूम्ब्ज यांनी केंब्रिजमध्ये १९४५ साली बसवलेली ही तपासणी अजून कुणी हटवलेली नाही. २८ व्या आठवड्यातली निगेटिव्ह आली की त्याच भेटीत इंजेक्शन.

क्रम उलटा झाला की गोंधळ होतो. इंजेक्शन म्हणजे तयार अँटिबॉडीच, त्यामुळे ते दिल्यावर काही आठवडे ही टेस्ट हलकी पॉझिटिव्ह दिसते. तशात बाई बाळंतपणाला दुसऱ्या गावी गेली आणि तिथल्या डॉक्टरांना आधीचं इंजेक्शन माहीत नसलं, तर "हिच्या अंगात अँटिबॉडी झाल्या, आता इंजेक्शनाचा उपयोग नाही" असा निष्कर्ष निघतो आणि बाळंतपणानंतरचा डोस चुकतो. कार्डावर नुसतं "अँटी-डी दिलं" लिहून भागत नाही. तारीख, मात्रा आणि आधीच्या कूम्ब्जचा निकाल, तिन्ही हवं.

५. हे इंजेक्शन माणसांच्या दंडातून आलंय

इंजेक्शन महाग आहे म्हणून कुरकुर चालायची, तेव्हा मी हा इतिहास सांगायचे. नातेवाईक ऐकून घ्यायचे, पैसे कमी करायला मात्र मला यायचं नाही.

अँटिबॉडी होऊ नयेत म्हणून अँटिबॉडीच टोचायच्या, ही कल्पना उफराटी वाटते. आईच्या अंगात शिरलेल्या बाळाच्या पेशी बाहेरून दिलेल्या अँटिबॉडी लगेच उचलून नेतात आणि आईच्या शरीराला त्यांची ओळखच पटत नाही. न्यूयॉर्कमध्ये फ्रेडा, गोरमन आणि पोलॅक, तर इंग्लंडात लिव्हरपूलला सिरिल क्लार्क आणि रोनाल्ड फिन, अशी दोन ठिकाणी एकाच सुमारास ही कल्पना वाढली. क्लार्क हे फुलपाखरांच्या आनुवंशिकतेचे गाढे अभ्यासक होते. न्यूयॉर्कवाल्यांनी सिंग सिंग तुरुंगातल्या कैदी स्वयंसेवकांवर आधी प्रयोग केले. गोरमन यांच्या भावाची बायको निगेटिव्ह होती; १९६४ मध्ये इंग्लंडमध्ये बाळंत झाल्यावर तिला हे औषध दिलं गेलं, अजून बाजारात यायच्या चार वर्षं आधी. असं घरच्या माणसावर करून बघणं आजच्या कुठल्या नियमात बसणार नाही.

औषध यायचं रक्तदात्यांकडून. ऑस्ट्रेलियाचे जेम्स हॅरिसन यांना चौदाव्या वर्षी छातीच्या शस्त्रक्रियेत पुष्कळ रक्त लागलं होतं. पुढे त्यांच्या प्लाझ्मात अँटी-डी भरपूर असल्याचं लक्षात आलं. वयाच्या ८१ व्या वर्षी, २०१८ मध्ये नियमानं थांबावं लागेपर्यंत त्यांनी ११७३ वेळा दान केलं. त्यांच्या प्लाझ्मातून बनलेल्या इंजेक्शनांनी सुमारे २४ लाख बाळांना आधार दिला, असं ऑस्ट्रेलियाची रक्तसेवा सांगते. सुईकडे बघायला ते घाबरायचे म्हणे, टोचताना तोंड फिरवायचे. फेब्रुवारी २०२५ मध्ये ते गेले. आता आपल्याकडे प्रयोगशाळेत पेशींपासून बनवलेलं अँटी-डीही मिळतं.

एक डोस ३०० मायक्रोग्रॅमचा; बाळाचं साधारण ३० मिलिलिटर रक्त आईत गेलं असेल तर तेवढ्याला तो पुरतो. त्याहून जास्त रक्तस्राव झाला असेल, वार आधी सुटली असेल किंवा हातानं काढावी लागली असेल, तर एक डोस पुरेलच असं नाही. किती रक्त मिसळलंय ते मोजायची क्लायहाउअर-बेटके नावाची तपासणी आहे. डॉक्टरांना तिची आठवण करून द्यायला सिस्टरनं संकोच करू नये.

६. ७२ तास बाळाच्या जन्मापासून मोजायचे

निगेटिव्ह बाईचं बाळंतपण असलं की नाळ कापल्यावर लगेच, वार टाकायच्या आत, नाळेचं रक्त दोन बल्बमध्ये घ्यायचं. एकावर गट आणि डायरेक्ट कूम्ब्ज, दुसऱ्यावर हिमोग्लोबिन आणि बिलिरुबिन. बल्बवर आईचं नाव तिथंच लिहायचं, बाहेर येऊन नाही. एका रात्रीत तीन बाळंतपणं झाली की टेबलावर सहा बल्ब असतात आणि सगळ्यांचा रंग लालच असतो.

बाळ निगेटिव्ह निघालं तर इंजेक्शन नको. पॉझिटिव्ह निघालं तर ७२ तासांत हवं. हे घड्याळ जन्मापासून चालतं, रिपोर्ट हातात पडल्यापासून नाही. शनिवारी रात्री बाळंत झालेल्या बाईचा रिपोर्ट सोमवारी दुपारी आला, की नातेवाईक मंगळवारी जिल्ह्याच्या गावाहून इंजेक्शन आणतात आणि तास भरत आलेले असतात. रिपोर्ट वेळेत येणार नसेल तर वाट न बघता इंजेक्शन द्यावं. बाळ निगेटिव्ह निघालं तर आईचं काही बिघडत नाही. आणि ७२ तास उलटले म्हणून नाद सोडायचा नाही. दहा दिवसांपर्यंत दिलं तरी थोडाफार फायदा होतो, काही तज्ज्ञ तर २८ दिवसांपर्यंत द्या म्हणतात.

इंजेक्शन दवाखान्यात कधी असायचं, कधी नसायचं. नसलं की चिठ्ठी बाहेरची. माझ्या शेवटच्या वर्षांत ते दोन-तीन हजारांच्या घरात होतं आणि तालुक्याच्या प्रत्येक मेडिकलमध्ये मिळायचंच असं नाही. ते २ ते ८ अंशांत ठेवावं लागतं. वैशाखात मोटारसायकलच्या डिकीतून आलेलं इंजेक्शन मी परत पाठवलंय, आणि बर्फात गाडून गोठवून आणलेलंही. थर्मासमध्ये थंड पाणी, त्यात प्लास्टिकच्या पिशवीत बांधलेला डबा, एवढं नीट सांगितलं की लोक नीट आणतात. त्यापेक्षा आठव्या महिन्यातच आणून दवाखान्याच्या फ्रिजमध्ये नाव घालून ठेवलेलं बरं.

७. टाक्याचं ऑपरेशन झालं तरीही

दुसऱ्या बाळानंतर लगेच कुटुंबनियोजनाचं ऑपरेशन होतं आणि घरचे म्हणतात, आता मूलच नको तर इंजेक्शनाचे पैसे कशाला? हिशेब पहिल्या नजरेला बरोबर वाटतो. पण मूल दगावल्यावर नळ्या पुन्हा जोडून घ्यायला आलेल्या बायका मी पाहिल्यात, आणि अपघातात रक्त लागायची वेळ कुणावरही येते. अंगात अँटी-डी असलेल्या बाईला पॉझिटिव्ह रक्त चढवता येत नाही. मी द्या म्हणते.

८. एकदा अँटिबॉडी झाल्या की वाट वेगळी

कूम्ब्ज खरोखर पॉझिटिव्ह असेल तर इंजेक्शनाचा काही उपयोग नाही. सापावर काठी मारायची ती तो बिळात शिरायच्या आधी. इथून पुढं तालुक्याच्या दवाखान्यानं हटून बसू नये, मुंबई-पुण्याच्या गर्भवैद्यक तज्ज्ञांकडे पाठवावं.

आधी अँटिबॉडीचं प्रमाण मोजतात. ते १:१६ किंवा १:३२ च्या वर गेलं (मर्यादा प्रत्येक केंद्राची थोडी वेगळी) की दर एक-दोन आठवड्यांनी सोनोग्राफीवर बाळाच्या मेंदूतल्या रक्तवाहिनीतला रक्ताचा वेग बघतात. रक्त कमी झालेल्या बाळाचं रक्त पातळ होऊन जोरात धावतं. वेग त्या आठवड्याच्या मध्यकाच्या दीडपटीवर गेला की बाळाला रक्त हवंय असं समजायचं. पूर्वी यासाठी पोटात सुई घालून गर्भजल काढायचे, २००० नंतर ते जवळपास बंदच झालं. मग पोटातल्या बाळालाच रक्त चढवतात. न्यूझीलंडमध्ये ऑकलंडला विल्यम लाइली यांनी १९६३ मध्ये एक्स-रेच्या आधारानं बाळाच्या पोटात सुई घालून हे पहिल्यांदा यशस्वी केलं. आता सोनोग्राफीत बघत नाळेच्या शिरेतच सुई घालतात. रक्त बहुतेक वेळा ओ निगेटिव्ह, घट्ट, आणि आईच्या रक्ताशी जुळवलेलं. गुंतागुंतीच्या नमुन्यांना परळच्या केईएम आवारातली राष्ट्रीय प्रतिरक्तविज्ञान संस्था कामी येते. आयसीएमआरची ही प्रयोगशाळा आपल्याच राज्यात आहे, हे कित्येकांना ठाऊक नाही.

आमच्या भागातल्या एका शिक्षिकेची दोन बाळं सातव्या-आठव्या महिन्यात गेली होती. तिसऱ्या वेळी ती मुंबईला गेली, पोटातल्या बाळाला पुन्हा पुन्हा रक्त चढवलं गेलं आणि मुलगी जिवंत घरी आली. गावी परतल्यावर मुलीच्या कार्डावर रक्तगट दिसला ओ निगेटिव्ह. आईबाप खूश: बाळ आईसारखंच निगेटिव्ह, म्हणजे धोका टळला. तसं नव्हतं. जन्माच्या वेळी तिच्या अंगातलं रक्त बहुतेक दात्यांचं होतं, म्हणून गट त्यांचा दिसला. तिचं स्वतःचं रक्त हळूहळू बनू लागलं तसं आईकडून आलेल्या, अंगात उरलेल्या अँटिबॉडी त्यावर तुटून पडल्या आणि दुसऱ्या महिन्यात हिमोग्लोबिन घसरलं. मुंबईच्या डॉक्टरांनी दर आठवड्याला तपासा असं लिहून दिलं होतं, म्हणून वेळेत कळलं. अशा बाळांचं हिमोग्लोबिन दोन-तीन महिने बघत राहायचं, बाळ कितीही गुटगुटीत दिसो.

९. पहिल्या दिवशीची कावीळ

तिसऱ्या दिवशी बाळ थोडं पिवळं दिसलं तर बहुधा काळजी नसते. जन्मल्यापासून २४ तासांच्या आत दिसलं तर ते आजारीच समजायचं. निगेटिव्ह आईच्या बाळाला कोवळ्या उन्हात धरून बसणं, काविळीची माळ घालणं, आईची हळद बंद करणं, यात जे तास जातात ते मेंदूच्या खात्यातून जातात. बिलिरुबिन मेंदूत शिरलं की बहिरेपण आणि झटके मागे राहतात. निळ्या दिव्याखाली ठेवायची पद्धत इंग्लंडमध्ये एसेक्सच्या रॉचफर्ड रुग्णालयात १९५० च्या दशकात सुरू झाली, आणि तिचं मूळ एका सिस्टरच्या निरीक्षणात आहे. जीन वॉर्ड बाळांना उन्हात फिरवायच्या. ऊन लागलेला भाग फिकट आणि झाकलेला पिवळा राहतो, हे त्यांनी डॉक्टरांना दाखवलं. आमच्या खात्यातल्या बाईचं नाव म्हणून मी ते मुद्दाम सांगते. दिव्यानं भागलं नाही तर बाळाचं रक्त बदलावं लागतं. ते काम मोठ्या रुग्णालयाचं. १०८ ला फोन करायला संध्याकाळ होऊ देऊ नका.

१०. पत्रिकेच्या जागी रक्तगट नको

व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतं की नवरा-बायकोचा गट एकच असला तर मूल होत नाही. साफ खोटं. निगेटिव्ह मुलगी नको म्हणून मोडलेलं एक स्थळ मला माहीत आहे. हळदीच्या डीजेला जेवढा खर्च होतो त्याच्या काही अंशात तिची सगळी इंजेक्शनं झाली असती. मुलीचा गट लग्नाआधी माहीत असावा, लग्न ठरवायला मात्र वापरू नये. बॉम्बे ब्लड ग्रुपशीही लोक याची गल्लत करतात. तो १९५२ मध्ये मुंबईत डॉ. भेंडे आणि सहकाऱ्यांनी शोधलेला निराळाच, फार दुर्मीळ गट आहे.

११. फाइल बाईबरोबर जाऊ द्या

आपल्याकडे पहिलं बाळंतपण माहेरी, दुसरं सासरी. इंजेक्शन दिल्याचा कागद माहेरच्या ट्रंकेत आणि बाई दुसऱ्या खेपेला आमच्यासमोर. "काहीतरी दंडात दिलं होतं" एवढंच तिला सांगता येतं. धनुर्वाताचंही दंडातच देतात. ऊसतोडीला जाणाऱ्या बायकांचं आणखी अवघड. बीडहून टोळी दिवाळीच्या सुमारास निघते, २८ वा आठवडा कुठल्यातरी कारखान्याच्या फडावर भरतो आणि माता-बाल संरक्षण कार्ड गावी आशाताईंकडे राहतं. प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानाची तपासणी दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यात असते, कुठल्याही गावची बाई जाऊ शकते. पण हातात कार्ड नसलं तर तिथला डॉक्टर पुन्हा शून्यापासून सुरू करतो.

घरात कुणी निगेटिव्ह बाई असेल तर तिच्या कार्डाचा फोटो आजच तिच्या, तिच्या नवऱ्याच्या आणि आईच्या मोबाइलमध्ये ठेवा. त्यात तिचा आणि नवऱ्याचा गट, आधीच्या प्रत्येक खेपेचं काय झालं, कूम्ब्ज कधी आणि काय आली, अँटी-डी कोणत्या तारखेला दिलं, एवढं असू द्या. लपवायची असेल ती खेप फोटोत नसली तरी चालेल. ती डॉक्टरांच्या कानात सांगा. आणि ओ निगेटिव्ह गटाचे कुणी हे वाचत असाल, तर जवळच्या रक्तपेढीत नाव नोंदवा. पोटातल्या बाळाला चढवायला तुमचंच रक्त लागतं.